‘समुद्रकाठची चाल’ म्हणून नेलेलं हिंचिनब्रूक

"दाजी, समुद्रकाठची चाल आहे हो. ३२ किलोमीटर, आणि वाटेतली सगळ्यात उंच जागा २६० मीटर. दोन मुक्कामांत आरामात काढू." धाकट्या मेहुण्याचं हे वाक्य मी सध्या माझ्या उजव्या गुडघ्याला रोज ऐकवतोय. मेहुणा ब्रिस्बेनला असतो. त्याने हिंचिनब्रूकचे फोटो पाहिले होते, बेट पाहिलं नव्हतं. आणि मी, सह्याद्रीत वीस वर्षं भटकलेला माणूस, २६० मीटर ऐकून चक्क हसलो. नकाशावरची उंची आणि पायाखालची जमीन यांचा काही संबंध नसतो, हे त्या वयात कळायला हवं होतं.

पाठीवर ओझं घेऊन दोन-तीन दिवस चालण्याची सवय आहे, असं धरूनच पुढचं लिहितोय. नसेल तर हे बेट पहिल्या ट्रेकसाठी नाही.

हिंचिनब्रूक ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये, टाउन्सव्हिल आणि केर्न्सच्या मधल्या किनाऱ्यासमोर. १९३२ पासून राष्ट्रीय उद्यान, जवळपास ४०० चौरस किलोमीटरचं. बेटावर रस्ता नाही, दुकान नाही, वस्ती नाही. मधोमध ११२१ मीटरचा माउंट बोवेन ढगात डोकं घालून बसलेला असतो. पूर्व किनाऱ्याने जाते ती थॉर्सबोर्न ट्रेल. वाटेवर एका वेळी ४० जणांनाच परवानगी, एका गटात जास्तीत जास्त सहा. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी परवाना, मग बोट, मग विमानाचं तिकीट. आम्ही उलट केलं आणि परवान्याच्या मिळतील त्या तारखा घेतल्या. त्या तारखांची भरती-ओहोटी बघितलीच नाही. पुढचा सगळा तमाशा तिथून सुरू झाला.

त्याआधी बोटीचं सांगतो, कारण राग अजून गेलेला नाही. वाट एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपते. उत्तरेला कार्डवेलहून खारफुटीतून बोटीने रॅमसे बेला सोडतात, दक्षिणेला जॉर्ज पॉइंटवरून दुसरी बोट ल्युसिंडाला आणते. म्हणजे दोन बोटी आणि वर गाडी उभी केलेल्या गावी परतायला ऐंशीएक किलोमीटरची व्हॅन. फोनवर आम्हाला माणशी दर सांगितला. धक्क्यावर कळलं की तो दर बोट भरली तरच. आम्ही दोघंच होतो, रिकाम्या जागांचे पैसे आमच्याच माथी. व्हॅनचं भाडं तर शेवटच्या दिवशी, पाय लटपटत असताना, सांगण्यात आलं. तेव्हा कोण घासाघीस करणार? तुम्ही विचारायचे प्रश्न हे: कमीत कमी किती माणसांचे पैसे लागतात, व्हॅन धरून एकूण किती, आणि खराब हवामानात बोट आली नाही तर काय. उत्तरं लेखी घ्या.

पहिला दिवस, रॅमसे बे ते लिटल रॅमसे बे, साडेसहा किलोमीटर. छान होता. मुख्य वाट सोडून बाजूच्या नायना पीकवर (३१२ मीटर) चढून या, बस.

आता तो दुसरा दिवस. लिटल रॅमसे ते झोई बे, साडेदहा किलोमीटर. सकाळी सातला सॅक लावून निघालो आणि दक्षिणेच्या खाडीपाशी आलो तर ती काठोकाठ भरलेली. पाणी गढूळ, तळ दिसत नाही. या बेटाच्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, ही दंतकथा नाही. मेहुणा म्हणाला, "दाजी, कंबरेएवढंच असेल." मी त्याला खाली बसवला. तीन तास आम्ही वाळूत बसून पाणी उतरायची वाट बघितली. सँडफ्लाय नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांनी दोघांच्या पोटऱ्या फोडून काढल्या. दहाला गुडघ्याखालच्या पाण्यातून पलीकडे गेलो. म्हणजे सर्वांत वाईट टप्प्याची सुरुवात दहाला.

तो टप्पा साडेदहा किलोमीटरचा आहे हे विसरा. तो तासांचा आहे, आणि तास बरेच आहेत. आधी किनाऱ्यावरचे धोंडे, मग कोरड्या टेकाडाची चढण, मग बँक्सिया क्रीकचं पात्र. तिथे वाट म्हणजे एका दगडावरून दुसऱ्यावर उडी. ओला काळा दगड साबणासारखा, आणि पाठीवर पंधरा किलो. उत्तरेकडून येणाऱ्याने नारिंगी त्रिकोण बघत जायचं, पिवळे त्रिकोण उलट दिशेने येणाऱ्यांसाठी. आम्ही पायाखाली बघण्याच्या नादात एक नारिंगी त्रिकोण हुकवला आणि पात्रातूनच खाली उतरत राहिलो. पुढे चांगली मळलेली वाट वाटत होती, कारण आमच्याआधी आणखी चार जण असेच चुकले असणार! चाळीस मिनिटं गेली. तेव्हापासून नियम केला: दोन-तीन मिनिटांत खूण दिसली नाही तर थांबायचं, मागची शेवटची खूण सापडेपर्यंत परत जायचं. "पुढे कुठेतरी लागेल" असं म्हणायचं नाही.

पात्र संपलं की सुटलो असं वाटतं. तिथून दलदल सुरू होते. पंख्यासारख्या पानांचे ताड, खाली चहाच्या रंगाचं पाणी, पाण्यात मुळांचं जाळं. मी एका मुळावर पाय टाकला, ते मूळ नव्हतं. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. ओढला तर पाय आला, बूट राहिला. मेहुण्याने कोपरापर्यंत हात घालून बूट बाहेर काढला, त्यात चिखल आणि एक वैतागलेला खेकडा. गुडघा मुरगळला तो तेव्हाच. वर वेताच्या वेलींचे आकडे सॅक धरून ठेवतात. तिथले लोक त्या वेताला ‘वेट-अ-व्हाइल’ म्हणतात. जोर लावू नका, दोन पावलं मागे या, आकडा आपोआप सुटतो. जोर लावलात तर सदरा फाटतो, माझा फाटला.

झोई बेला पोहोचलो पावणेसातला, डोक्यावर विजेरी लावून. दिवसभरात पावणेनऊ तास. वाटेत थांबून काही बघितलं असेल तर मला आठवत नाही.

मगरींबद्दल थोडक्यात. खाडी ओहोटीलाच ओलांडायची, रेंगाळायचं नाही, रोज त्याच जागी पाण्याला जायचं नाही, मासे काठावर साफ करायचे नाहीत, तंबू पाण्यापासून निदान ५० मीटर लांब. झोईच्या खाडीच्या मुखाशी पाटी आहे, ती फोटो काढण्यासाठी लावलेली नाही. समुद्रात उतरायचा मोह नोव्हेंबर ते मे या काळात तर सोडूनच द्या, जेलीफिश जीवघेणे असतात. जानेवारी ते मार्च धो धो पाऊस, तेव्हा ओढे ओलांडताच येत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर हाच काळ. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो तर पहिल्या दिवशीच्या वाटेवरचा नायना बेचा ओढा आटलेला होता, पाणी पुढे भरावं लागलं. पाणी गाळून किंवा उकळून प्या.

उंदीर. हसू नका. मुक्कामाच्या जागी लोखंडी पेट्या आहेत, खाण्याची प्रत्येक वस्तू त्यात. मेहुण्याने सॅकच्या बाजूच्या कप्प्यात शेंगदाण्याची चिक्की विसरली, सकाळी कप्प्याला मुठीएवढं भोक. विस्तव पेटवायला बंदी आहे, गॅसची शेगडीच हवी. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो तिकडेच घ्या. फोन बहुतेक वाटेवर मुका असतो. संकटात उपग्रहाला इशारा देणारा बीकन भाड्याने मिळतो, तो घेतल्याशिवाय जाणं म्हणजे मूर्खपणा.

दोन मुक्कामांच्या हिशेबामुळे तिसऱ्या दिवशी १५ किलोमीटर उरले होते, आणि मुलिगन क्रीकचं मुख ओहोटीच्या आगेमागे दोन तासांतच ओलांडायचं होतं. म्हणून पहाटे पाचला निघालो. ज्या झोई धबधब्याच्या फोटोंसाठी मेहुण्याने मला भुलवलं, त्याच्या शेजारच्या कातळावरून दोर धरून अंधारात वर चढलो. वरच्या डोहातून उगवतीचा समुद्र दिसतो. दहा मिनिटं बसलो. ती दहा मिनिटं मी कुणाला देणार नाही. मग मेहुणा म्हणाला, "दाजी, ओहोटी." उठलो.

डायमँटिना क्रीक ओलांडताना बुटांचे बंद घट्ट करा, तिथला दगड फार वाईट. मुलिगन फॉल्सला पोहायची जागा आहे, पण कड्याच्या अगदी खाली जाऊ नका, दगड पडतात. आम्हाला पोहायलाही वेळ नव्हता.

माझं स्पष्ट मत: तीन मुक्काम करा. लिटल रॅमसे, झोई, मुलिगन फॉल्स. परवान्याच्या तारखा ओहोटीचं कोष्टक समोर ठेवून निवडा, दुसऱ्या दिवशीची सकाळची ओहोटी सातच्या सुमारास येईल अशा. दोन मुक्कामांत ‘आरामात’ करणारे असतीलही, ते मला भेटलेले नाहीत.

आणि मुलिगन फॉल्सला सगळ्या बाटल्या भरून घ्या. पुढचे साडेसात किलोमीटर बहुतेक सपाट आहेत, पण जॉर्ज पॉइंटला पाणी नाही. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा दोघांत मिळून अर्धी बाटली होती, आणि बोट यायला दीड तास.