पाटी कापायला देण्याआधी
घराच्या पाटीसाठी इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आनंद' टाइप केलं, टेक्स्टचं पाथ केलं (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केले) आणि ३ एमएम एमडीएफवर (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) लेझर मशीनवर कापायला दिलं, तर अक्षरं सुटी होऊन हातात आली! झालं काय, तर प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळी असते, शेजारच्यावर जराशी चढलेली, स्क्रीनवर सगळं सलग दिसतं पण मशीन बिचारं प्रत्येक आउटलाइन इमानदारीत कापतं. म्हणून आधी युनियन मारायचं (सगळे आकार जोडून एक करायचे), मग आउटलाइन मोडमध्ये, म्हणजे नुसत्या कडा दिसतात तिथे, बघायचं. अनुस्वाराचं टिंब तर हमखास गळून पडतं, त्याला अक्षराशी जोडणारा बारीकसा पूल द्यायचा (दिसायला जरा विचित्र, पण चालतं). कापायची रेघ बहुतेक ठिकाणी लाल आणि एकदम बारीक लागते, तरी दुकानवाल्याला विचाराच, प्रत्येकाचे रंग वेगळे.