एका शिक्क्यासाठी नऊ दिवस (आर्मी एसएससी टेक, माझा अनुभव)

ओटीएचं, म्हणजे आर्मीच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीचं, जॉइनिंग लेटर आलंय, तेव्हापासनं तासगावातली पोरं विचारतायत एसएसबीत (अधिकारी निवडायच्या मुलाखतीत) काय विचारतात. ते नंतर, आधी एका शिक्क्याच्या पत्राचं सांगतो.

एसएससी टेक म्हणजे इंजिनिअरांना शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, ठरावीक वर्षांसाठी, आर्मीत अधिकारी करणारी भरती. तिला लेखी परीक्षा नसते, इंजिनिअरिंगच्या मार्कांवर शॉर्टलिस्ट लावतात. आमच्या मार्कलिस्टवर पर्सेंट नाहीत, सीजीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी. मग त्याचे पर्सेंट कसे काढायचे याचं सही-शिक्क्याचं पत्र एसएसबीला न्यावं लागतं. दोन ओळींचं पत्र. सांगलीला कॉलेजात क्लार्क म्हणाले, "मार्कलिस्टच्या मागं फॉर्म्युला छापलाय की, तेवढं चालतंय." म्हटलं सर, पत्रच मागितलंय. "मग विद्यापीठात जावा." तिथं खिडकीवरच्या मॅडमनी कागद हातात न घेताच सांगितलं, हे कॉलेज देतं. परत सांगली. बाकावर बसून समोरच्या कपाटावरचे गठ्ठे मोजले, ४१, दुसऱ्या दिवशी पण ४१च. पाचव्या दिवशी टाइप झालं तर सीट नंबर चुकलेला, तो दुरुस्त झाला तर प्राचार्य रजेवर. आण्णा म्हणाले, द्राक्षाची एक पेटी नेऊन देऊ का? म्हटलं अजिबात नको. नवव्या दिवशी शिक्का पडला, वर क्लार्क म्हणतात, "झालं की नाय, उगं घाई करतोयस." त्याच संध्याकाळी मिरजेतनं राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली. बेंगळुरूला एसएसबीत कागद तपासणाऱ्यांनी ते पत्र दोन सेकंद बघितलं आणि बाजूला ठेवलं, बास.

पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगला, म्हणजे पहिल्या चाळणीत, निम्म्याहून जास्त पोरं घरी गेली, राहिलेल्यांचे पुढचे चार दिवस भुर्रकन गेले. पहिल्यांदा जात असाल तर थर्ड एसीचं भाडं परत मिळतं, तिकीट जपून ठेवा.

आता पगार. कॅम्पसमधनं पुण्याची ऑफर होती, ४ लाखांचं पॅकेज, हातात ३० हजारांच्या आत, त्यात रूम आणि मेस. इकडं ट्रेनिंगमध्येच महिन्याला ५६,१०० स्टायपेंड, लेफ्टनंट झाल्यावर तेच बेसिक, वर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे, महागाई भत्ता वेगळा, रेशन, दवाखाना, कँटीन. पण मामा सुभेदार म्हणून रिटायर झालेत, ते पेन्शनवर निवांत आहेत म्हणून आपलंही तसंच होईल असं समजू नका. शॉर्ट सर्व्हिस १० वर्षांची, पुढं ४ वाढतात, पर्मनंट कमिशन (रिटायर होईपर्यंतची नोकरी) मिळालं नाही तर पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी घेऊन पस्तिशीत परत नोकरी शोधायची. तोवर पुण्यातला मित्र दोन-तीन कंपन्या बदलून माझ्या पुढं गेलेला असेल, हे मला मान्य आहे. तरी मी चाललोय.

हां, राहिलंच, फायनल इयरला असाल तर ट्रेनिंग सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांत डिग्रीचा पुरावा द्यावा लागतो, म्हणजे परत तेच ऑफिस, आत्तापासनं मागं लागा.

काल त्याच क्लार्कचा फोन आला, बोर्डावर लावायला फोटो पाहिजे म्हणे. म्हटलं देतो की, उगं घाई करू नका.