आधी प्लॅटफॉर्म की आधी प्रॉडक्ट?

आम्हाला तीन प्रॉडक्ट्स करायची होती: इन्व्हॉइसिंग, स्टॉक आणि सर्व्हिस कॉलच्या नोंदी. लॉगिन, परवानग्या, नोटिफिकेशन, ऑडिट लॉग (कोणी कधी काय बदललं याची नोंद) हे तिन्हींना लागणार हे उघड होतं. म्हणून आधी पाया, मग मजले, असं मीच मीटिंगमध्ये ठासून मांडलं आणि कोणी हरकतही घेतली नाही. चार महिने सगळी टीम फक्त या पायावर, म्हणजे प्लॅटफॉर्मवर राबली.

फटका बसला तो नोटिफिकेशनला. ईमेल, एसएमएस, पुश, टेम्प्लेट्स, सगळं तयार होतं. इन्व्हॉइसिंगचं काम सुरू झाल्यावर कळलं की त्यांना हवा होता फक्त पीडीएफ जोडलेला ईमेल, आणि तो बाउन्स झाला, म्हणजे न पोचता परत आला, तर इन्व्हॉइसवर तसं दिसायला हवं होतं. आमच्याकडे अटॅचमेंटची सोय नव्हती आणि बाउन्सची खबर प्रॉडक्टपर्यंत पोचतही नव्हती. चार महिन्यांत आम्ही एकाही वापरणाऱ्याला विचारलं नव्हतं, हे मला फार लागलं.

मग भिंतीवर कार्डं लावली. प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि कोण कोणावर अवलंबून आहे त्याचे बाण. क्रम लावायची रीत जुनीच आहे, आर्थर कान यांनी 1962 मध्ये मांडलेली: ज्याला कोणासाठीच थांबायचं नाही ते कार्ड उचला, त्याचे बाण पुसा, पुन्हा तेच करा. शेवटी कार्डं उरली तर त्यांच्यात कुठेतरी चक्र आहे.

आमचं चक्र तीन कार्डांत निघालं. परवानग्यांना ग्राहकाचा प्लॅन, म्हणजे त्याने कोणत्या फीचर्सचं पॅकेज घेतलंय ते, माहीत हवं, प्लॅनला खातं हवं, आणि खातं कोणी उघडायचं हे परवानग्या ठरवणार. तासभर वाद झाला. अखेर परवानग्या आणि प्लॅनमधला बाण पुसला: सध्या सगळ्यांना सगळी फीचर्स, आणि मालक व कर्मचारी अशा दोनच भूमिका, त्याही थेट कोडमध्ये लिहिलेल्या. चक्र सुटलं.

पण या रीतीने फक्त काय कशाच्या आधी हवं तेवढंच कळतं. त्यात बसणारे क्रम अनेक निघतात. त्यांतून निवडायला आम्ही प्रत्येक कार्डाला विचारलं, हे आत्ता चुकलं किंवा राहिलं, तर वर्षभराने दुरुस्त करायला काय पडेल? ईमेल पाठवणारी कंपनी बदलणं दोन-चार दिवसांचं काम. पण नोंद कोणत्या ग्राहक-कंपनीची आहे हे सांगणारा कॉलम पहिल्या दिवसापासून प्रत्येक टेबलात नसेल, तर तो नंतर घालताना प्रत्येक क्वेरी, म्हणजे डेटा मागणारी कोडमधली प्रत्येक ओळ, तपासावी लागते, आणि एक जरी सुटली तरी एकाचा डेटा दुसऱ्याला दिसतो. ऑडिट लॉगचं तर त्याहून अवघड, कारण जे नोंदवलंच नाही ते मागाहून आणणार कुठून? म्हणून हा कॉलम, व्यक्तीची ओळख आणि ऑडिट लॉग एवढंच आधी ठेवलं, आणि त्यावर लगेच इन्व्हॉइसिंगचा अगदी बारीक तुकडा. सेल्सला स्टॉक आधी हवा होता, पण आमच्या आखणीत विक्रीचा माल इन्व्हॉइसवरूनच वजा होणार होता.

त्या तुकड्याने पहिल्याच महिन्यात आमची एक चूक पकडली. पहिल्या ग्राहकाकडच्या अकाउंटंट बाई दुसऱ्या ग्राहकाचेही हिशोब बघायच्या. तिथे त्यांचं नाव घालताना स्क्रीनवर आलं, 'हा ईमेल आधीच वापरात आहे.' युजरच्या टेबलात ईमेल युनिक होता, म्हणजे एक ईमेल एकदाच चालायचा, आणि कंपनी व भूमिका त्याच ओळीत होत्या. व्यक्ती एका टेबलात आणि तिचं कोणत्या कंपनीत काय काम ते दुसऱ्या टेबलात, असं करायला दोन दिवस लागले. तिन्ही प्रॉडक्ट्स ती ओळ वाचत असती तर काय झालं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

नोटिफिकेशन आम्ही मुद्दाम मागे ठेवलं. स्टॉकने इन्व्हॉइसिंगचा ईमेलचा कोड सरळ कॉपी केला, आणि मी तो करू दिला. सर्व्हिस कॉलची वेळ आली तेव्हा दोन्ही प्रती शेजारी उघडून बसलो. सामाईक निघालं ते इतकंच: कोणाला पाठवायचं, काय जोडायचं, पोचलं की नाही. तेवढंच प्लॅटफॉर्ममध्ये नेलं आणि चार महिन्यांत लिहिलेला पुश आणि एसएमएसचा कोड काढून टाकला. भूमिका अजून दोनच आहेत. गोदामवाल्यांनी तिसरी मागितली आहे, तिचं कार्ड या आठवड्यात भिंतीवर लागलं.