तेरवीनंतरची माय

लेकरू अपघातात गेलेल्या मायचं घर तेरवीपर्यंत भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी पाहुणे निघतात. मदत लागते ती खरी तेव्हापासून. आठवड्यातला एक वार ठरवा, डब्यात भाकर-वरण न्या आणि लेकराचं नाव घेऊन बोला. नाव टाळलं की तिला वाटतं, गाव विसरलं.

“धडक देणाऱ्याला माफ करून टाक, बाई” हे मात्र कोणी म्हणू नये. राग हा तिचा लेकराशी उरलेला धागा असतो. अपघाती मृत्यूत पहिला दोष ती बहुधा स्वतःलाच देते: मीच गाडीची चावी दिली. म्हणून माफीची सुरुवात तिथून करा. त्या दिवशी तिला काय माहीत होतं आणि काय नंतर कळलं, हे वेगळं करून बोला. एका बैठकीत होत नाही. तेच ते पाच-सहादा ऐकावं लागतं. धडक देणाऱ्याची पाळी त्यानंतर, आली तर. आणि माफी म्हणजे केस मागे घेणं नव्हे. मोटार अपघात न्यायाधिकरणातला भरपाईचा दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत टाकावा. समेटाला येणाऱ्यांच्या गोड बोलण्यात ही मुदत निघून जाते.

तान्ह्या पोळ्याला दारावरून लाकडी बैल घेऊन लेकरं जातात. घरी राहायचं की माहेरी जायचं, तिला आधीच विचारा.

सहा महिन्यांनंतरही झोप, जेवण, वावरातलं काम बंदच असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर फोन लावून द्या. मोफत, चोवीस तास. “जगून काय करू” म्हणाली तर त्याच दिवशी लावा, तिला एकटं सोडू नका, आणि फवारणीचं औषध घरातून हलवा.