लायपेजचं टायट्रेशन: घोडं अडतं ते इमल्शनपाशी

लायपेज म्हणजे तेल फोडून आम्ल सुटं करणारं एन्झाइम. सुटलेलं आम्ल अल्कली थेंबथेंब घालून मोजायचं, हे टायट्रेशन. या पद्धतीच्या कागदावर बफर (आम्लता स्थिर राखणारं द्रावण), तापमान, इंडिकेटर सगळं आकड्यांत दिलेलं असतं. खरी मेख जिथे आहे तिथे मात्र एकच ओळ: 'ऑलिव्ह तेलाचं इमल्शन करून घ्या', म्हणजे तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरवून घ्या. किती वेळ, किती वेगाने, काही पत्ता नाही. त्या ओळीवरचा माझा राग अजून गेलेला नाही, कारण रीडिंग हलतात ती इथेच.

लायपेज काम करतं ते तेल आणि पाण्याच्या सीमेवर. सार्डा आणि देन्युएल यांनी स्वादुपिंडातल्या लायपेजवर हे १९५८ मध्ये दाखवलं. म्हणजे तेल तेवढंच असलं तरी थेंब बारीक झाले की पृष्ठभाग वाढतो आणि तेच एन्झाइम जास्त जोरकस दिसतं. कालच्या आणि आजच्या इमल्शनवरचे आकडे शेजारी ठेवून काहीही कळत नाही. सगळे नमुने एकाच वेळी केलेल्या इमल्शनवर लावा.

माझं प्रमाण असं: १० टक्के गम अरेबिक (डिंक) रात्रभर भिजवून मलमलमधून गाळायचं. त्याच्या ९० मिलीत १० मिली तेल. मिक्सर अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद, असं दहा मिनिटं. भांडं तापू द्यायचं नाही. फेस बसू द्या, कारण हवेच्या बुडबुड्यांवरही एन्झाइम जाऊन बसतं आणि निकामी होतं. मग एक थेंब मायक्रोस्कोपखाली. मोठाले थेंब एकमेकांत मिसळताना दिसले किंवा तासाभरात वर तेलाची साय धरली, तर ते इमल्शन ओतून द्या.

तेलही तपासा. एक्स्ट्रा व्हर्जिन तेलात मुक्त आम्ल ०.८ टक्क्यांपर्यंत चालतं. तेवढ्याने ब्लँक, म्हणजे एन्झाइमचं काम न होता येणारं रीडिंग, फुगतो. आम्ल धरून ठेवणाऱ्या अॅल्युमिनाच्या कॉलममधून तेल काढलं की हा त्रास जातो.

पुढचं सरळ आहे. ५ मिली इमल्शन, ४ मिली सौम्य बफर, १ मिली एन्झाइम, ३७ अंश, ३० मिनिटं. बफर तीव्र असला तर तोच अल्कली खातो. नंतर २० मिली अल्कोहोल-ॲसिटोन. याने क्रिया थांबते, शिवाय तेलातून सुटून इमल्शनमध्ये अडकलेलं ओलेइक आम्ल पुरतं टायट्रेट होतं. ब्लँकमध्ये एन्झाइम याच्यानंतर घाला. नमुन्याला आणि ब्लँकला लागलेल्या अल्कलीतला फरक १.२ मिली आणि अल्कली ०.०५ नॉर्मल (तीव्रतेचं माप) असेल तर ६० मायक्रोमोल आम्ल, म्हणजे मिनिटाला २. मिनिटाला एक मायक्रोमोल म्हणजे एक युनिट, म्हणून एन्झाइमच्या मिलीमागे २ युनिट. मात्र १०, २० मिनिटांचीही रीडिंग घ्या. रेषा वाकली तर एन्झाइम पातळ करा.

सोडियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे टायट्रेशनच्या अल्कलीचं, राहिलंच. मुंबईच्या पावसाळ्यात त्याच्या गोळ्या तराजूवरच ओलावतात, वजनावर विसंबू नका, नेमकं तोलता येणाऱ्या आम्लावर द्रावण तपासा. ०.२०४२ ग्रॅम वाळवलेल्या पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटला ०.०५ नॉर्मल द्रावण बरोबर २० मिली लागलं पाहिजे.

पॅरा-नायट्रोफेनिल पामिटेट फुटून येणारा पिवळा रंग ४१० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायची पद्धत झटपट आहे, पण एसीच्या गारठ्यात पामिटेट साकळतं आणि गढूळपणाच रीडिंग म्हणून येतो. क्युवेट (रीडिंगची काचेची नळी) ३७ अंशांवरच ठेवा.