रंगाने अडवलेली बॅटरी

वडिलांची 1996ची बुलेट. गेल्या उन्हाळ्यात मी तिची चेसी चकाचक काळी करून घेतली. पंधरा दिवसांत तुळजापूरहून येताना औशाच्या अलीकडे हॉर्न बकरीसारखा ओरडायला लागला, मग इंजिन अडखळायला लागलं. हिचं पॉइंट-कॉइलचं इग्निशन बॅटरीवरच चालतं, त्यामुळे बॅटरी बसली की गाडीही बसते.

लातूरला आल्यावर गंजगोलाईतून नवी बॅटरी आणली. आठवड्यात तीही बसली. मग इंजिनाकडून येणारी वीज बॅटरीला योग्य व्होल्टेजला देणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर बदलला. तरी गाडीवरच्या अँपिअर मीटरचा काटा डाव्या बाजूलाच, म्हणजे बॅटरी रिकामीच होतेय. एवढे पैसे घालवल्यावर शेवटी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर विकत घेतला. (मीटर बॅटरीपेक्षा बराच स्वस्त होता, हे घरी सांगितलेलं नाही.)

गाडी बंद असताना चार्ज केलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती, ठीक. रेस केल्यावर 13.8 ते 14.4 यायला हवं, पण काटा 12.4च्या पुढे सरकेना. इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या स्टेटरच्या, म्हणजे कॉइल प्लेटच्या, वायरी सुट्या करून एसीवर मोजल्या. रेस वाढवली की व्होल्टेजही चढत होतं, म्हणजे कॉइल प्लेट जिवंत होती. इथे माझं डोकं संपलं.

गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी बिडी विझवत विचारलं, "मालक, नुसतं प्लसच मोजताव का? मायनस कोण बघायचं?"

त्यांनी एक प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा रेग्युलेटरच्या बॉडीला लावून रेस करायला सांगितली. तिथे जवळपास शून्य यायला हवं होतं. आलं 1.8! माझ्या गाडीत रेग्युलेटरचं अर्थिंग, म्हणजे मायनसची वाट, त्याच्या बॉडीतून, बोल्टातून चेसीला जातं. आणि त्या बोल्टाखाली माझा तो चकाचक रंग. रेग्युलेटर 14.2 देत होता, त्यातले 1.8 रंगातच अडकत होते.

रंग खरवडताना जीव तुटला. लोखंड चमकेपर्यंत पॉलिश पेपर मारला, दात्यांचा वायसर टाकला, वरून व्हॅसलिन. शिवाय रेग्युलेटरच्या बोल्टापासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत एक जाड वायर ओढली. किक मारली, रेस केली. 13.9. काटा उजवीकडे झुकला.

"आता त्या जुन्या बॅटरीला चार्जिंगला लावा बरं," मिस्त्री म्हणाले. लावली, तर ठणठणीत निघाली. सध्या शेतातल्या आखाड्यावर तिच्यावर रात्रीचा बल्ब जळतो.