डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं

आज भाचीला चोपड्याहून जळगावला दाखवायला नेलं. पीसीओएस आहे तिला, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी पुढंमागं होते नि चेहऱ्यावर केस येतात. पाळीच्या तारखा, वजन लिहून झाल्यावर डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं नि विचारलं, "झोप लागते का गं? रडू येतं?" पोरीचे डोळे भरूनच आले. हनुवटीवरचे केस दिसू नयेत म्हणून ती घरातसुद्धा स्कार्फ सोडत नाही. हे मला दिसत होतं, पण मी कधी विचारलं नाही. फार लागलंय मनाला.

पाळीच्या वयातल्या शंभरात 8 ते 13 जणींना पीसीओएसचा त्रास असतो. सगळ्यांचीच नैराश्य आणि चिंतेसाठी तपासणी करा, असं 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे मात्र, "लगीन व्हयनं का सम्दं बरं व्हई जाई!"

येताना एसटीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, तापीचा पूल गेला तरी ती गाढ झोपेत होती.